खिचडी आलेख कागदावर

सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांतील मुलांना शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला. त्या आदेशात जेवणाची मापेही होती. दररोज किमान ३०० किलोकॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिने आणि वर्षातून किमान २०० दिवस. पुढे २००६ मध्ये केंद्राने ही मापे वाढवली आणि पहिली ते पाचवीच्या मुलासाठी एका जेवणात ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने ठरवली. महाराष्ट्रात या योजनेला कागदोपत्री अनेक वर्षे ‘शालेय पोषण आहार’ म्हणत, गावात मात्र तिला ‘शाळेतली खिचडी’ हेच नाव आहे.

या मापांकडे गणिताच्या नजरेने पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. त्यांत ‘बरोबर’ हे चिन्ह कुठेच नाही. ताटात नेमक्या ४५० किलोकॅलरी पडल्या पाहिजेत असे कोणी म्हणत नाही. त्याहून कमी पडू नयेत, एवढेच म्हणणे आहे. रोजच्या व्यवहारातले बहुतेक नियम असेच असतात. लिफ्टमध्ये अमुक किलोपर्यंतच वजन, कर्जासाठी किमान इतके उत्पन्न, औषधाच्या दिवसाला जास्तीत जास्त इतक्या गोळ्या. शाळेत आपण समीकरणे शिकण्यात वर्षे घालवतो आणि बाहेर पडल्यावर मात्र सतत भेटतात त्या असमानता. (गणितातल्या. दुसऱ्या अर्थाच्या असमानताही भेटतातच.)

शाब्दिक उदाहरणातून असमानता मांडताना मराठी मुलांची एक चूक हमखास होते, आणि तिचे मूळ भाषेत आहे. ‘कमीत कमी ४५०’ या शब्दांत ‘कमी’ दोनदा आले आहे, म्हणून हात आपोआप ‘पेक्षा कमी’च्या चिन्हाकडे जातो. प्रत्यक्षात कमीत कमी ४५० म्हणजे ४५० किंवा त्याहून जास्त, म्हणजे ≥. तसेच ‘जास्तीत जास्त १००’ म्हणजे १०० किंवा त्याहून कमी, म्हणजे ≤. ऐकू येणारा शब्द आणि लिहायचे चिन्ह यांची तोंडे विरुद्ध दिशेला. ‘किमान’ आणि ‘कमाल’ हे शब्दही ऐन परीक्षेत असेच फसवतात. यावर साधा उपाय म्हणजे एक आकडा घालून पाहणे. ५०० किलोकॅलरीचे जेवण नियमात बसते का? बसते. मग चिन्ह ५००ला आत घेणारे हवे.

‘पेक्षा कमी’ हे मात्र वेगळे प्रकरण. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. इथे खुद्द ५ हा आकडा आत येत नाही. आलेखावर अशी सीमा तुटक रेषेने काढतात. जिथे सीमेवरचा बिंदूही चालतो, तिथे सलग रेषा.

आता खिचडीचा आलेख काढू. मुख्य पदार्थ दोन, तांदूळ आणि तूरडाळ. दोन चले असली की कागद पुरतो. एका मुलामागे क्ष ग्रॅम तांदूळ आणि य ग्रॅम डाळ शिजवायची असे समजू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अन्नघटकांच्या कोष्टकांतले आकडे गोल करून घेतले, तर एक ग्रॅम कच्च्या तांदळातून सुमारे ३.५ किलोकॅलरी आणि ०.०८ ग्रॅम प्रथिने मिळतात. एक ग्रॅम तूरडाळीतून सुमारे ३.३ किलोकॅलरी आणि ०.२२ ग्रॅम प्रथिने. ऊर्जा जवळपास सारखीच, पण प्रथिने डाळीत पावणेतीन पट. ही पावणेतीन पट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

योजनेच्या मापात एका मुलामागे ५ ग्रॅम तेल आहे. त्यातून ४५ किलोकॅलरी मिळतात, म्हणजे तांदूळ आणि डाळ यांच्यावर उरतात ४०५. भाजीतूनही थोडे मिळते, पण ते तूर्त बाजूला ठेवू. दोन अटी अशा लिहिता येतात:

३.५क्ष + ३.३य ≥ ४०५
०.०८क्ष + ०.२२य ≥ १२

पहिली ऊर्जेची, दुसरी प्रथिनांची. न बोललेल्या आणखी दोन अटी आहेत. तांदूळ आणि डाळ उणे असू शकत नाहीत, म्हणून क्ष ≥ ० आणि य ≥ ०. त्यामुळे सगळा कारभार आलेखाच्या पहिल्या चरणात, वरच्या उजव्या कोपऱ्यात चालतो.

रेषा काढायला दोन बिंदू पुरतात, आणि अक्षांवरचे बिंदू सर्वांत सोपे. नुसत्या तांदळाने ऊर्जा भरायची तर ४०५ भागिले ३.५, म्हणजे सुमारे ११६ ग्रॅम लागतील. नुसत्या डाळीने सुमारे १२३ ग्रॅम. हे दोन बिंदू जोडले की ऊर्जेची रेषा तयार. प्रथिने नुसत्या तांदळातून मिळवायची तर १५० ग्रॅम तांदूळ हवा. नुसत्या डाळीतून सुमारे ५५ ग्रॅम डाळ पुरते. ही प्रथिनांची रेषा. पहिली उभट, दुसरी पसरट. दोघी एकमेकींना छेदतात.

इथपर्यंत दहावीचेच काम आहे. दोन चलांतील समीकरणे आलेखाने सोडवणारा विद्यार्थी छेदनबिंदू सापडला की पेन खाली ठेवतो. असमानतेचे काम इथून पुढे सुरू होते. रेषा ही आता उत्तर नसून कुंपण आहे, आणि कुंपणाची कोणती बाजू आपली ते ठरवायचे आहे. त्यासाठी आरंभबिंदू तपासतात, क्ष शून्य आणि य शून्य. खिचडीच्या आलेखात आरंभबिंदू म्हणजे रिकामे ताट. शून्य हे ४०५ पेक्षा मोठे किंवा तेवढे आहे का? नाही. मग रिकामे ताट ज्या बाजूला, ती बाजू बाद, आणि रेषेपलीकडची बाजू रंगवायची. प्रथिनांच्या रेषेचेही तसेच. दोन्ही रंग जिथे एकावर एक पडतात, त्या भागातला प्रत्येक बिंदू म्हणजे नियमात बसणारे एक ताट. ते असंख्य आहेत. भागाची वरची, उजवीकडची बाजू मोकळीच राहते, कारण जास्त वाढायला या अटींनी मना केलेली नाही.

मना करतो तो पैसा. असंख्य चालणाऱ्या ताटांतून सर्वांत स्वस्त कोणते? समजा तांदूळ किलोला ४० रुपये आणि डाळ १०० रुपये. ठरावीक खर्चाची सगळी ताटे एका सरळ रेषेवर येतात, आणि खर्च कमी केला की ती रेषा स्वतःला समांतर राहून आरंभबिंदूकडे सरकते. आलेख कागदावर फूटपट्टी त्या तिरक्या कलात धरून खाली सरकवत आणावी. रंगवलेला भाग सोडण्यापूर्वी ती शेवटची कुठे टेकते? भागाच्या सीमा सरळ असल्यामुळे ती एखाद्या कोपऱ्यालाच टेकते. कधी एखाद्या संपूर्ण बाजूला चिकटते, पण त्या बाजूच्या टोकालाही कोपरा असतोच. म्हणून असंख्य बिंदू तपासायची गरज नाही, कोपरे तपासले की झाले.

या आलेखात कोपरे तीन आहेत. नुसती १२३ ग्रॅम डाळ. नुसता १५० ग्रॅम तांदूळ. आणि दोन रेषांचा छेदनबिंदू. तो काढण्यासाठी प्रथिनांच्या समीकरणाला १५ ने गुणावे, म्हणजे १.२क्ष + ३.३य = १८० मिळते. हे ऊर्जेच्या समीकरणातून वजा केले की २.३क्ष = २२५. क्ष सुमारे ९८, आणि मग य सुमारे १९. अठ्ठ्याण्णव ग्रॅम तांदूळ आणि एकोणीस ग्रॅम डाळ.

आता योजनेचे प्रत्यक्ष माप पाहा. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. हा बिंदू कोपऱ्याला जवळजवळ चिकटून, कुंपणाच्या जेमतेम आत आहे. म्हणजे पुस्तकातल्या नियमाप्रमाणेही हे माप काटकसरीचे आहे. त्यात सांडलवंड करायला जागा फारशी नाही.

खर्चाचा हिशेब केला तर छेदनबिंदूवरचे ताट ५ रुपये ८२ पैशांना पडते, नुसत्या तांदळाचे ६ रुपयांना, आणि नुसत्या डाळीचे १२ रुपये ३० पैशांना. छेदनबिंदू जिंकला. पण डाळीचा भाव वाढू द्या. ११० रुपये किलो झाली की पहिल्या दोन ताटांचा खर्च सारखाच होतो, कारण आता डाळ तांदळाच्या बरोबर पावणेतीन पट महाग आहे आणि तिच्यात प्रथिनेही तेवढीच पट आहेत. फूटपट्टी प्रथिनांच्या रेषेवर सपाट बसते. डाळ १४० रुपये झाली की छेदनबिंदूवरचे ताट ६ रुपये ५८ पैशांवर जाते आणि नुसता तांदूळ ६ रुपयांतच राहतो. उत्तर हळूहळू बदलत नाही. ते एका कोपऱ्यावरून उडी मारून दुसऱ्यावर जाते. १०९ रुपयांना १९ ग्रॅम डाळ सांगणारे गणित १११ रुपयांना सांगते, डाळ घालूच नका, दीडशे ग्रॅम भात वाढा.

या योजनेत तर प्रकरण आणखी तिरपे आहे. तांदूळ केंद्राकडून राज्यांना मोफत मिळतो. डाळ, तेल, भाजी यांचा खर्च वेगळ्या पैशांतून भागतो. शाळेच्या पातळीवर तांदळाचा भाव शून्य धरला, तर डाळ कितीही स्वस्त झाली तरी सर्वांत स्वस्त ताट नुसत्या भाताचेच. दोन्ही अटी पूर्ण, खर्च नाममात्र, आणि डाळ शून्य.

गणिताने चूक केलेली नाही. त्याला जेवढे सांगितले तेवढेच त्याने ऐकले. दीडशे ग्रॅम तांदूळ शिजून अडीच-तीन पट होतो; तो चारशे ग्रॅम भात सहा-सात वर्षांच्या मुलाच्या पोटात एका बैठकीत जात नाही, ही अट आपण लिहिलीच नव्हती. दुसरे असे, की आलेखाने तांदळातला एक ग्रॅम आणि डाळीतला एक ग्रॅम प्रथिन सारखेच मोजले. शरीर तसे मोजत नाही. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, डाळीत ते भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, तांदळात ते बरे. वरण-भात आणि खिचडी ही जोडी म्हणूनच शहाणपणाची आहे, आणि दीडशे ग्रॅम भातातले १२ ग्रॅम प्रथिन हे कागदावरचेच १२.

तर आणखी एक अट लिहू: क्ष ≤ १००. आलेखावर ही क्ष-अक्षावर १०० पाशी उभी रेषा, आणि तिच्या डावीकडची बाजू आपली. लगेच नुसत्या तांदळाचा कोपरा कापला जातो. त्याच्या जागी नवा कोपरा येतो: १०० ग्रॅम तांदूळ आणि १८ ग्रॅमच्या जरा वर डाळ. आता डाळ १४० रुपये होवो, वा तांदूळ फुकट मिळो, स्वस्तातल्या स्वस्त ताटातही डाळ राहते. मापात धान्याचे १०० ग्रॅम आणि डाळीचे २० ग्रॅम असे वेगवेगळे लिहिण्याचा उपयोग इथे दिसतो. नुसत्या कॅलरी आणि प्रथिनांच्या आकड्यांवर भागवले असते, तर बाजारभावाने डाळ ताटातून केव्हाच हुसकली असती.

लिहायची राहून गेलेली अट काय करू शकते, याचा सर्वांत गमतीदार किस्सा याच गणिताच्या जनकाचा आहे. अमेरिकी हवाई दलासाठी काम करणाऱ्या जॉर्ज डँटझिग यांनी १९४७ मध्ये अशी उदाहरणे सोडवण्याची ‘सिम्प्लेक्स’ पद्धत काढली. पुढे डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले तेव्हा त्यांनी स्वतःचा आहार संगणकाकडून ठरवून घ्यायचे मनावर घेतले. कॅलरीवर मर्यादा घातली, पोषकद्रव्यांच्या किमान अटी लिहिल्या, आणि पोट भरल्यासारखे वाटावे म्हणून पाणी वगळून अन्नाचे वजन जास्तीत जास्त व्हावे असे उद्दिष्ट ठेवले. संगणकाने सांगितले, ५०० गॅलन व्हिनेगार, म्हणजे जवळपास १९०० लिटर शिरका. यादीत शिरक्यातले पाणी शून्य धरले गेले होते. शिरका काढून टाकल्यावर उत्तर आले, रश्शासाठी वापरतात त्या खारट वड्या, दिवसाला २००. मिठाला वरची मर्यादा कोणी लिहिलीच नव्हती. दिवसाला तीनच वड्या असे बंधन घातल्यावर कोंड्याची पाळी आली, रोज जवळपास किलोभर. प्रत्येक वेळी एक नवी रेषा, प्रत्येक वेळी एक कोपरा कापायचा. ही हकिकत डँटझिग यांनी स्वतःच १९९० मध्ये लिहून ठेवली आहे.

त्यांच्याआधी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी १९४५ मध्ये हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर मांडला होता. ७७ पदार्थ, ९ पोषकद्रव्ये, आणि ७० किलोच्या माणसाचे वर्षाचे सर्वांत स्वस्त जेवण. सोडवायची पक्की पद्धत नसल्याने त्यांनी अंदाज आणि चिकाटी यांवर काम केले आणि १९३९ च्या भावांनी ३९ डॉलर ९३ सेंट हा आकडा काढला. जेवण होते गव्हाचे पीठ, आटवलेले डबाबंद दूध, कोबी, पालक आणि वाळलेला घेवडा. वर्षभर हेच पाच. असे जेवण कोणी कोणाला सुचवू नये, हे स्टिग्लर यांनाही मान्य होते. चवीची अट लिहायला त्यांनी घेतलीच नव्हती. सिम्प्लेक्स पद्धत निघाल्यावर अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत हेच उदाहरण हाताने चालणाऱ्या गणनयंत्रांवर सोडवले गेले. त्याला सुमारे १२० मनुष्यदिवस लागले आणि उत्तर आले ३९ डॉलर ६९ सेंट. स्टिग्लर यांचा अंदाज वर्षाला फक्त २४ सेंटनी चुकला होता.

पदार्थ दोन असले की कागद पुरतो, तीन झाले की खोलीएवढी जागा लागते, ७७ झाले की चित्र काढणे संपते. पण कोपऱ्यांचा नियम संपत नाही. सिम्प्लेक्स पद्धत या कोपऱ्यांवरूनच चालते: एका कोपऱ्यावर उभे राहायचे, शेजारचा स्वस्त असेल तर तिकडे जायचे, कोणताच शेजारी स्वस्त नसेल तर थांबायचे. कोपऱ्यांची संख्या अफाट झाली तर ही पायपीट फार लांबू शकते. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले आणि मुंबईच्या आयआयटीत शिकलेले नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये बेल लॅब्जमध्ये असताना वेगळी वाट दाखवली. कुंपणाच्या कडेकडेने न जाता रंगवलेल्या भागाच्या आतून थेट उत्तराच्या कोपऱ्याकडे जाण्याची. आज विमानांची वेळापत्रके आणि पशुखाद्याची मिश्रणे ज्या आज्ञावलींतून ठरतात, त्यांत या दोन्ही वाटा वापरल्या जातात.

शाळेच्या स्वयंपाकघरात मात्र अजूनही कागदावरचा आलेखच पुरेसा आहे, आणि तो मोठ्यांनी एकदा काढून पाहण्यासारखा आहे. एका मुलामागे २० ऐवजी १५ ग्रॅम डाळ पडली असे समजा. फरक एका लहान चमच्याचा. दोनशे मुलांच्या शाळेत दिवसाला एक किलोचा. पातेल्यात बघून तो कळणार नाही, खिचडी पिवळीच दिसेल. आलेखावर मात्र बिंदू दोन्ही कुंपणांबाहेर पडतो. प्रथिने ११.३ ग्रॅम, ऊर्जा तेलासकट ४४५ च्या आसपास. बाजूला ठेवलेली भाजी हा तोटा जेमतेम भरून काढते, पण मग ती तरी मोजून ५० ग्रॅम पडायला हवी.

घरात आठवी-नववीचे मूल असेल तर पुढचा आलेख त्याच्याकडून काढून घ्यावा. सहावी ते आठवीसाठी मापे अशी आहेत: ७०० किलोकॅलरी, २० ग्रॅम प्रथिने, आणि त्यासाठी १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. तेलाच्या ६७ किलोकॅलरी वजा करून ६३३ ची रेषा काढायची, शेजारी २० ग्रॅम प्रथिनांची. मग १५० आणि ३० हा बिंदू मांडून पाहायचा. तो ऊर्जेच्या रेषेपासून फार दूर नाही, पण प्रथिनांच्या रेषेच्या किंचित अलीकडे, रिकाम्या ताटाच्या बाजूला पडतो: तांदूळ आणि डाळ मिळून १८.६ ग्रॅम. उरलेले दीड ग्रॅम त्या ७५ ग्रॅम भाजीतून यायचे आहेत, आणि कोणत्या भाजीतून ते येतात, मेथी-पालकातून की दुधी-भोपळ्यातून, हे पोषणाच्या कोष्टकात पाहावे लागते.